पायलट यशस्वी झाला, मग ऑर्डर का आली नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या छोट्या कंपनीने डीपीवर, म्हणजे गावा-गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, बसवायची एक डबी बनवली. ती तेलाचं तापमान, तिन्ही फेजचा लोड आणि व्होल्टेज मोजते आणि काही बिघडायला लागलं की मोबाइलवर इशारा पाठवते. एका वितरण कंपनीने पायलट म्हणून, म्हणजे प्रयोगादाखल, साठ डीपींवर ती आठ महिने चालवून पाहिली. शेवटच्या बैठकीत कौतुक झालं, अहवालही चांगला आला. त्याला वर्ष झालं, ऑर्डर आली नाही आणि आता फोनही उचलत नाहीत. म्हणून तुम्ही विचारताय की सौर, पवन, इलेक्ट्रिक गाड्या असं सगळंच बदलत असताना वीज वितरण कंपन्यांनाच नवं काही का नको असतं.

मी एका वितरण कंपनीत एकतीस वर्षं काढली. शाखेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, अधीक्षक अभियंता म्हणून बाहेर पडलो. असे पायलट मी हौसेने सुरू केलेत आणि काही माझ्याच डोळ्यांदेखत विझलेतही. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

‘नवं नको असतं’ हे मला पटत नाही. नवं करून बघायला साहेब लोकांना आवडतं. फोटो निघतो, बातमी येते, वार्षिक अहवालात अर्धं पान मिळतं. अडतं ते पुढे. प्रयोग पार पडतो, पण त्याची रीत होत नाही. प्रयोगाला तुम्ही असता आणि आतला एखादा उत्साही अधिकारी असतो. तीच गोष्ट रोजच्या कामात यायची तर शाखेतल्या लाइनमनपासून अकाउंट्सच्या माणसापर्यंत प्रत्येकाच्या कामात तिला जागा लागते, आणि ती जागा कुणी करून ठेवलेली नसते. आता हे सगळीकडे सारखं नाही. शहरातली खासगी कंपनी, जिचं क्षेत्र लहान आणि वसुली चांगली, ती वेगळी वागते. अर्धे फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनी) शेतीचे असलेली सरकारी कंपनी वेगळी. राज्य, वीजदर ठरवणारा आयोग आणि त्या खुर्चीत त्या वेळी कोण बसलंय, यावरही बरंच ठरतं. मी माझ्यापुरतं सांगतो.

दहाएक वर्षांपूर्वी एका ग्रामीण उपविभागात आम्ही चाळीस डीपींवर तुमच्यासारख्याच डब्या बसवल्या. कल्पना माझी, त्यामुळे हौसही माझीच. तापमान किंवा लोड ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की शाखेच्या कनिष्ठ अभियंत्याला मेसेज जायचा. पहिल्याच महिन्यात एक डीपी जळता जळता वाचली. ती गोष्ट मी पुढच्या तीन बैठकांत सांगितली.

मग रब्बी लागली. ऑटो स्विच हा प्रकार तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, कारण तुमच्या डबीचं भवितव्य त्यात आहे. शेतीला तेव्हा थ्री फेज मोजके तास मिळायची, तीही आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला लाइट येणार असेल तर बिबट्या-सापाच्या भीतीत विहिरीवर कोण जाईल? म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू. त्याच्या जागी मी असतो तर मीही लावला असता. पण एका डीपीवर वीस मोटरी असल्या तर विसाच्या वीस एकाच क्षणी उठतात, आणि मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्यात कुणी कपॅसिटर काढून ठेवलेला, कुणी तीन एचपीची मोटर सांगून पाचची बसवलेली, दोघांनी चोरून आकडे टाकलेले. शंभर केव्हीए क्षमतेच्या डीपीने तरी किती सोसायचं?

आता डबीच्या बाजूने बघा. फीडर चालू होताक्षणी चाळीसच्या चाळीस डब्या ओरडायला लागल्या. शाखेचा पोरगा नवा होता, प्रामाणिक होता. त्याच्या फोनवर पाच मिनिटांत शंभरेक मेसेज पडायचे, रोज, फीडरच्या वेळेला, म्हणजे एक आठवडाआड मध्यरात्री. त्याने आठ दिवस काढले आणि ते सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. मला ते तीन महिन्यांनी कळलं, तेही एक डीपी जळाल्यावर. मी चिडून विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मेसेज आला तर मी करू काय? कुणाची मोटर बंद करू? आणि बदलायला डीपी आहे का स्टोअरमध्ये?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीपी नव्हतीच. जळालेली डीपी काढून दुरुस्तीला पाठवायची आणि दुसरी आणायची, हे चक्र आधीच मागे पडलेलं होतं. आधी कळल्याने त्यात काडीचा फरक पडत नव्हता. लक्षात घ्या, माझी डबी बरोबर होती. तिने सांगितलेलं प्रत्येक अक्षर खरं होतं. पण ज्याला सांगितलं त्याच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

पुढचा धडा याहून बारीक आणि मला जास्त लागलेला. पहिल्या वर्षाचा सिमचा रिचार्ज पुरवठादाराने भरला होता. दुसऱ्या वर्षी तो कुणी भरायचा? उपविभागाच्या इम्प्रेस्टमधून, म्हणजे किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेतून, गाडीचं डिझेल, झाडांच्या फांद्या तोडणं, स्टेशनरी असं भागवायचं असतं. त्यात चाळीस सिमचा रिचार्ज कोणत्या हेडला, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात, टाकायचा, हे अकाउंट्सला मी दोनदा लिहून विचारलं. दोन्ही वेळा ‘सविस्तर प्रस्ताव सादर करावा’ असा शेरा आला. प्रस्ताव लिहीपर्यंत माझी बदली झाली. वर्षभराने सहज त्या बाजूला गेलो तेव्हा चाळीसपैकी एकतीस डब्या मुक्या होत्या. कुणी बंद केल्या नव्हत्या, रिचार्ज संपला होता इतकंच. एका डबीत तर चिमणीने घरटं केलं होतं.

रिचार्जवरून पैशाच्या मुद्द्यावर येतो. बाहेरच्या माणसाला दिसत नाही तो भाग हाच. वितरण कंपनी वीज कितीला विकणार हे ती स्वतः ठरवत नाही, आयोग ठरवतो. आपल्याकडे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. खांब, तार, ट्रान्सफॉर्मर यांत घातलेल्या भांडवलावर व्याज, घसारा आणि परतावा दरात धरला जातो. पगार, दुरुस्ती, देखभाल या चालू खर्चाला मात्र ठरावीक सूत्राची मर्यादा असते. त्याच्या वर गेलात तर स्वतःच्या खिशातून. आता तुमच्या डबीकडे बघा. वस्तू पाच हजारांची आणि दरमहा सॉफ्टवेअरचं भाडं, असा तुमचा भाव असणार. तुमच्या धंद्यात तेच शहाणपण. कंपनीच्या हिशेबात मात्र पाच हजारांवर परतावा मिळतो आणि भाड्याचा भुर्दंड पडतो. म्हणून नवा ट्रान्सफॉर्मर घेणं सोपं आणि जुना वाचवणारी सेवा घेणं कठीण, असा उलटा प्रकार होतो.

आयोगाचंही चुकत नाही. फसलेल्या प्रयोगाचा खर्च ग्राहकाच्या बिलात का घालायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण मग फसण्याची किंमत कुणीतरी द्यायची, आणि ती शेवटी सही करणाऱ्यावर येते. तुम्हाला वाटेल मी अतिशयोक्ती करतोय. एखाद्या सर्कलमध्ये, म्हणजे एका अधीक्षक अभियंत्याच्या हद्दीत, दरवर्षी शेकड्याने डीपी जळतात. त्यावर ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणाचा आक्षेप) निघालेला मी कधी पाहिला नाही, कारण डीपी जळणं ही जगाची रीत. पण ‘पुरेशी चाचणी न झालेल्या उपकरणांवर निष्फळ खर्च’ हे वाक्य माझ्या एका सहकाऱ्याच्या फाइलमध्ये निवृत्तीपर्यंत होतं, आणि त्याची पेन्शन त्यावरून सात महिने अडली. हे कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या अहवालावर सही करणाऱ्यालाही.

शिवाय टेंडर. तुमच्या डबीवर पायलट झाला म्हणून ऑर्डर तुम्हालाच देता येत नाही. स्पेसिफिकेशन उघडं काढावं लागतं. ते तुमच्या डबीवरून लिहिलं तर एकाच पुरवठादाराला डोळ्यासमोर ठेवल्याची तक्रार होते. ढोबळ लिहिलं तर निम्म्या भावाची, निम्म्या कुवतीची डबी एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भावाची म्हणून पहिली, होते. पायलट फुकट करून देऊन तुम्ही खरं तर तुमच्या स्पर्धकाच्या टेंडरचा अभ्यास करून दिलात. हे कडू आहे, पण आधी कळलेलं बरं.

आता हरित बदलाकडे. २०२५ च्या जूनमध्ये देशातल्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. हा निम्मा वाटा क्षमतेतला, प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांतला नव्हे. युनिटं अजून बरीचशी कोळशाचीच. तरी बदल मोठा आहे आणि त्याचं ओझं साखळीच्या शेवटच्या कडीवर, म्हणजे वितरणावर येतं. कसं ते बघा. कारखाना आणि मॉल महाग दराने वीज घेतात, त्यातून शेतीची आणि लहान घरांची वीज स्वस्त ठेवली जाते. छतावर सौर बसवायला सगळ्यात आधी परवडतं कुणाला? त्याच महाग दराच्या ग्राहकाला. २०२२ च्या हरित मुक्त प्रवेशाच्या नियमांनी १०० किलोवॅटच्या वरच्या ग्राहकाला बाहेरून हरित वीज घ्यायची वाटही मोकळी केली. त्याने तसं करणं योग्यच आहे. पण तो दिवसा निघून जातो आणि संध्याकाळी साडेसहाला, सूर्य मावळल्यावर, परत आमच्याच दारात येतो. तारा, ट्रान्सफॉर्मर, संध्याकाळची वीज हे सगळं त्याच्यासाठी तयार ठेवायचं आणि वसुली मात्र मुख्यतः युनिटावर. म्हणजे नव्या गोष्टींची गरज वाढते त्याच वर्षांत त्यांना लागणारा पैसा आटतो. मला विचाराल तर कंपन्यांच्या मानसिकतेपेक्षा ही कात्री जास्त जबाबदार आहे.

संध्याकाळी विजेची मागणी दोन-तीन तास एकदम चढते, तो वेगळाच विषय. कोयनेसारखं १,९६० मेगावॅटचं जलविद्युत आपल्याकडे आहे हे नशीब. पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. पण कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यालाही कृष्णा पाणीतंट्याच्या लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. घाटघरला खालचं पाणी वर चढवून पुन्हा वापरायची सोय आहे, ती २५० मेगावॅटची. असो, तो माझा प्रांत नाही. मी अकरा केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) खालचा माणूस.

त्या खालच्या जगात हरित बदल कसा दिसतो त्याचं एक उदाहरण देतो, कारण त्यात तुमच्या डबीसाठी गिऱ्हाईक दडलंय. माझ्या शेवटच्या पोस्टिंगमध्ये बंगल्यांची एक कॉलनी होती. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून शेजाऱ्याने बसवलं. उन्हाळ्यात तक्रारी सुरू झाल्या, दुपारी बारा ते दोन सौरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बंद पडतो. ऐन उत्पादनाच्या वेळी! सोलरवाला म्हणे ग्रिड (कंपनीचं वीजजाळं) खराब, आमचा माणूस म्हणे इन्व्हर्टर खराब. शेवटी मी लाइनमनला घेऊन भर उन्हात गेलो. डीपीखाली मोजलं, २४६ व्होल्ट. गल्लीच्या शेवटच्या घरात मोजलं, २६१. मी मीटर दोनदा बदलला. तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकलो आणि शिकवली होती की लाइनच्या शेवटी व्होल्टेज पडतं. इथे शेवटी वाढलं होतं. वीज उलटी वाहत होती, घरांकडून डीपीकडे. २४० ला सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे २५४ पर्यंत. २६१ ला इन्व्हर्टर बंद पडला तर तो शहाणाच म्हणायचा.

खोदत गेलो तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी एसी चालत नाहीत म्हणून आमच्याच माणसाने ३१५ केव्हीएच्या त्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची कळ) वर चढवून ठेवला होता. खाली उतरवला तर संध्याकाळी शेवटच्या घरांचे दिवे मंद. आणि हा टॅप सप्लाय बंद करूनच फिरवता येतो, दिवसातून दोनदा फिरवायची सोय नाही. आणखी बघितलं तर गल्लीतले बहुतेक सिंगल फेज इन्व्हर्टर आर, वाय, बी या तीन फेजपैकी एकाच, आर फेजवर, आलेले. सर्व्हिस वायर जोडणाऱ्याला जी फेज हाताशी आली ती. आम्ही एक दिवस शटडाउन घेतलं, घरं वाय आणि बी फेजवर वाटली, शेवटच्या चार गाळ्यांची (खांबापासून खांबापर्यंतच्या अंतरांची) तार जाड केली, टॅप एक पायरी खाली आणला. इन्व्हर्टर चालू राहिले, संध्याकाळची तक्रारही आली नाही. खर्च किरकोळ, नवं तंत्रज्ञान शून्य. अडलं होतं एवढ्यावरच की दुपारी बाराला तिथे कुणी मोजलंच नव्हतं. आमची सगळी लोडची मोजमापं संध्याकाळची, कारण पिढ्यान् पिढ्या त्रास संध्याकाळी व्हायचा.

आता सांगा, तुमची डबी व्होल्टेज मोजते ना? पंधरा-पंधरा मिनिटांनी, दिवसभर? मग तुम्ही ‘डीपी जळण्यापासून वाचवा’ हे का विकताय? डीपी जळण्याचा त्रास कंपनीच्या अंगवळणी पडलाय. छतावरच्या सौरचा त्रास नवा आहे, त्याच्या तक्रारी थेट वर जातात, कारण तक्रार करणारा डॉक्टर नाहीतर निवृत्त प्राचार्य असतो. शिवाय २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या यंत्रणेला तांत्रिक तपासणीशिवायच मंजुरी धरायची आहे, म्हणजे कोणत्या गल्लीत किती सौर झालं की गडबड होते, हे आधी बघायची संधीही गेली. ही माहिती आज कुणाकडेच धड नाही. फक्त एक करा, सगळ्या डब्या डीपीवर लावू नका. माझ्या उदाहरणात डीपीवरच्या डबीने २४६ दाखवलं असतं आणि सगळं ठीक म्हटलं असतं. एक डबी लाइनच्या शेपटाला हवी.

वितरणात काहीच नवं रुजत नाही, असा तुमचा समज होऊ नये म्हणून रुजलेलंही सांगतो. शेतीच्या फीडरवरची सौर वीज घ्या. २०१७ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणी पहिले प्रकल्प झाले. २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली आणि पुढे लक्ष्य १६,००० मेगावॅटपर्यंत गेलं. उपकेंद्राजवळची जमीन हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाड्याने घ्यायची, तिथे सौर प्रकल्प उभारायचा, वीज त्याच उपकेंद्राच्या अकरा केव्हीवर सोडायची. युनिट तीन रुपयांच्या आसपास पडतं, शेतकऱ्याला पाणी दिवसा देता येतं. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प दुसऱ्या आवृत्तीतल्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी.

हे का रुजलं, यावर मी बराच विचार केलाय. एक कारण उघड आहे, कंपनीचा वीजखरेदीचा खर्च घटतो आणि तो खर्च आयोगापुढे रोखठोक दाखवता येतो. पण खरं कारण मागे आहे. २००५ नंतरच्या भयंकर लोडशेडिंगच्या वर्षांत आम्ही गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केले. गुजरातने ज्योतीग्राम योजनेत २००३ पासून तेच केलं होतं. तेव्हा त्यात हरित वगैरे काही नव्हतं. गावात दिवे राहावेत आणि शेतीची वीज वेगळी तोडता यावी, एवढाच हेतू. किती खांब रोवले, किती बांधांवरून भांडणं झाली, किती वेळा पोलीस बंदोबस्तात तार ओढली, त्याचा हिशेब नाही. ते काम कुणाला नावीन्य वाटलं नाही. पण शेतीचा फीडर वेगळा नसता तर आज दिवसाच्या उन्हाला दिवसाचा पंप जोडताच आला नसता. आज ज्याचं उद्घाटन होतं त्याचा पाया असा वीस वर्षांपूर्वीच्या रटाळ कामात असतो.

तिथेही सगळं गोड नाही. ढग आला तरी पंप चालूच राहतात, वीज ग्रिडमधून ओढली जाते, म्हणून फीडर ‘सौरचा’ म्हणणं ढोबळच. आणि वरून ३३ केव्हीची लाइन गेली की प्रकल्पही बंद होतो, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी इन्व्हर्टरने ग्रिड नसताना वीज सोडायची नाही, असा नियम. एकदा गावातले पंधरा-वीस जण उपकेंद्रात आले. त्यातले एक आबा म्हणाले, “ऊन डोक्यावर, सौरच्या पाट्या शेजारी, आणि तुम्ही म्हणता लाइट नाही?” मी बिघडलेल्या लाइनपासून सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. त्यांचा प्रश्नच जास्त बरोबर होता. यावर तांत्रिक उपाय आहेत, बॅटऱ्या आहेत, खर्चही आहे. पण योजना आखताना तो प्रश्न कुणी त्या आबांना विचारलेला नव्हता.

स्मार्ट मीटरची गत याहून वाईट झाली. २०२१ च्या केंद्राच्या सुधारित वितरण योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरचं लक्ष्य होतं. कंपन्यांकडे एकरकमी पैसा नाही, म्हणून दर मीटरमागे दरमहा भाडं, अशी रचनाही विचारपूर्वक केलेली. पण लोकांपर्यंत पहिला शब्द पोचला तो ‘प्रीपेड’. महिन्याच्या शेवटी ज्याच्या हातात पैसा येतो त्याला आधी पैसे भरा म्हणणं कसं वाटेल? मोर्चे निघाले आणि २०२४ च्या जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. तोच मीटर दुपारच्या स्वस्त विजेसाठी लागतो, हे लोकांना आधी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळ्या वळणाने गेली असती, असं माझं मत आहे. आता दिवसाच्या विजेला सवलतीचे दर घरगुती ग्राहकांपर्यंत आलेत खरे, पण गेलेला विश्वास सवलतीने लगेच परत येत नाही.

एक उदाहरण उलट बाजूचं. २००२ च्या जुलैमध्ये ग्रिडच्या पश्चिम विभागात, देशात पहिल्यांदा, उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली. त्याआधी ग्रिडची फ्रीक्वेन्सी (मागणी-पुरवठ्याचा तोल दाखवणारा आकडा) ५० हर्ट्झच्या खालीवर कुठेही भटकायची. नवा नियम साधा होता. दर पंधरा मिनिटांना एखाद्या राज्याने ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली आणि फ्रीक्वेन्सी खाली असली तर महाग पडेल, वर असली तर स्वस्त. लागलं काय, तर पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारे मीटर आणि हिशेब. काही महिन्यांत सगळ्यांचं वागणं बदललं. कुणी कुणाला प्रवचन दिलं नाही. डबीचं मोल नियमाने ठरतं, हे मी त्यावरून शिकलो. उलट भिवंडीला २००७ मध्ये फ्रँचायझीचा, म्हणजे वितरण खासगी कंपनीला चालवायला देण्याचा, प्रयोग चालला म्हणून औरंगाबाद, जळगाव, नागपूरला तोच करार नेला, तर तिथे तो टिकला नाही. गाव बदललं, वसुलीची जात बदलली, गणित फिसकटलं.

तेव्हा तुमच्यापुरतं बोलायचं तर तुमची डबी नाकारलेली नाही. ती कुणाच्याच कामात बसलेली नाही. शाखेतल्या माणसाला तिचा इशारा घेऊन करण्यासारखं काही नाही, अकाउंट्सकडे तिचं हेड नाही आणि सही करणाऱ्याला तिच्यात धोका आहे पण फायदा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर मुख्यालयाचे फोन काही दिवस बंद केले असते. एक ३३/११ केव्हीचं उपकेंद्र निवडा, जिथे शेतीचा सौर फीडर आहे आणि छतांवरचं सौरही वाढतंय. तिथल्या लाइनमनबरोबर आठ दिवस फिरा, त्यातल्या दोन रात्री. त्याला विचारा की दिवसातून एकच मेसेज मिळणार असेल तर तो कशाचा हवा. माझा अंदाज, तो तापमान सांगणार नाही. ‘कोणत्या डीपीचा डीओ (फ्यूज) उडालाय’ हे सांगेल, कारण त्याचा अर्धा दिवस आणि निम्मं पेट्रोल तेच शोधण्यात जातं. मग कंपनीला भाव देताना पाच वर्षांचा रिचार्ज आणि देखभाल किमतीतच धरा, म्हणजे वस्तू भांडवली खर्चात बसवायला सोपी जाईल. महाग दिसेल, पण वर्षाने मुकी होणार नाही. पुढचा पायलट फुकट करू नका. थोडे का होईना पैसे घ्या आणि सुरू करण्याआधीच लिहून घ्या की अमुक इतकं साधलं तर पुढे कोणत्या हेडमधून किती खरेदी होईल. हे लिहून द्यायला कुणी तयार नसेल तर तो पायलट आठ महिने चालवून मिळणारं उत्तर तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळालं असं समजा. आणि दर वेळी दोन अधिकारी सोबत घ्या, ज्यांची बदली एकाच वर्षी होणार नाही असे.

पण हे सगळं करण्याआधी एक बघा. तुमच्या त्या साठ डब्यांपैकी आज चालू किती आहेत? सर्व्हरवर दिसेलच. आकडा इथे लिहा, मग पुढचं बोलू.